बिनलेबलची डबी

१९ ऑगस्ट, मंगळवार

बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला प्रोजेक्ट असतो. त्याचे विषय आज गिराम सरांनी वाटले. पोरांनी जीएसटी पळवला, बँका पळवल्या, शेअर बाजार तर तिघांनी मागितला. उरला तो माझ्या वाट्याला आला : ‘परभणी शहरातील महाविद्यालयीन विद्यार्थ्यांमधील ग्राहक हक्कांविषयीची जागरूकता’. मागच्या बाकावरून कोणीतरी ओरडलं, “धम्मशीला, आता वडापाववाल्यावर केस ठोक!” सगळे हसले. मीही हसले. पण मला विषय आवडला.

संध्याकाळी बाबांना फोन केला. ते देवगाव फाट्याच्या अलीकडच्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहेत. लय खूश झाले. म्हणाले, “कायदा लिहिलेला हाय बाई, पर वाचतंय कोण? तू वाच आन् दुसऱ्याला सांग.” बाबांचा अर्जावर फार विश्वास. आमच्या वस्तीवरचा हापसा त्यांच्या अर्जानं दुरुस्त झाला, हे ते दर वर्षी एकदा तरी सांगतात.

सर म्हणाले, रोजची नोंद ठेवा. त्यांना दाखवायची वही वेगळी करीन. ही माझी.

निकिता म्हणते, “आता माझ्या शेंगदाण्याच्या पुडीचीबी तारीख बघशील काय?” निकिता माझी रूममेट. वसमत रोडला आमची खोली आहे, तिसरं वर्ष. ती राणीसावरगावची, बी.ए.ला आहे, पण जीव सगळा पोलीस भरतीत. मी उठते तेव्हा ती ग्राउंडवर पळून, घामानं भिजून परत आलेली असते. उंच आहे, पाय तर सायकलच्या स्पोकसारखे. तिच्याकडं बघितलं की वाटतं, ही वर्दीतच जन्मली.

४ सप्टेंबर

महालक्ष्म्यांना गावी गेलेली निकिता आज परत आली. पिशवीत करंज्या होत्या, पण तोंड उतरलेलं. खोदून विचारलं तेव्हा बोलली. चुलतीनं सगळ्या बायांसमोर म्हटलं म्हणे, “परमेश्वरभावजीच्या पोरीनं उन्हात पळू पळू तोंड कोळसा करून घेतलं. आता हिला कोण करून घेईल?” तिचे वडील तिथंच होते. जेवत राहिले.

“तू काय म्हणालीस?”

“काय म्हणू? सगळ्यायच्या ताटात पुरणपोळ्या होत्या. जेवण नासवायचं व्हतं काय?”

संध्याकाळी ती आमच्या गल्लीच्या तोंडावरच्या कटलरीत गेली. टिकल्या, बांगड्या, क्लिपा, पावडर असं सगळं मिळतं तिथं. शिवकन्याताई दुकान चालवतात. फार मायाळू बाई. मोबाइल चार्जिंगला लावू देतात, कोणाला ताप आला तर चहा करून आणतात. वय चाळीसच्या पुढं असेल, पण गाल बघावेत तर लालबुंद. निकिता म्हणते, खातंपितं घर.

ताईंनी तिला एक पांढरी डबी दिली. झाकण उघडलं तर पिवळसर क्रीम. डबीवर नाव नाही, कंपनी नाही, तारीख नाही, काहीच नाही. मला तर खजिना सापडल्यासारखं झालं. म्हटलं, “निक्के, हे तर माझ्या प्रोजेक्टसाठी एकदम फिट उदाहरण हाय! वस्तूवर सगळी माहिती असणं हा ग्राहकाचा हक्क हाय.”

“मला लावायचीय, वाचायची न्हाई,” ती म्हणाली.

मी डबीचा फोटो काढून ठेवला.

२१ सप्टेंबर

जादू म्हणावी अशी गोष्ट आहे. पंधरवड्यात निकिताचा चेहरा सोललेल्या बदामासारखा झाला. ग्राउंडवरच्या पोरी विचारतात, मेसच्या पोरी विचारतात. ती सगळ्यांना ताईंचं दुकान दाखवते. आमच्या बिल्डिंगमधल्या किमान सहा-सात जणींकडं आता ती डबी आहे. मीही दोन दिवस लावली. मग प्रोजेक्टच्या प्रश्नावलीत ‘लेबल नसलेली वस्तू आपण घेता का?’ हा प्रश्न लिहिताना लाज वाटली आणि बंद केली.

प्रश्नावली तयार झाली. सरांना ‘आपणास सहा ग्राहक हक्क माहीत आहेत का?’ हा प्रश्न फार आवडला.

१२ ऑक्टोबर

आमच्या आणि शेजारच्या दोन कॉलेजांत मिळून शंभर जणांकडून प्रश्नावली भरून घेतली. निकाल बघून मी चाट पडले. बिल घेता का? जवळजवळ सगळे हो. तारीख बघता का? हो. तक्रार कुठं करायची माहीत आहे का? हो.

पण भरताना मी तिथंच उभी होते. एकजण दुसऱ्याला विचारत होता, “काय लिहू रे?” दुसरा म्हणाला, “हो लिही, मॅडमला बरं वाटंल.” आणि ‘हो’वर खूण करून दोघं कँटीनमध्ये गेले. तिथं बिल मागताना मी आजवर कोणाला पाहिलेलं नाही.

हे सरांना सांगितलं. सर म्हणाले, “आकडे चांगले आलेत ना? मग शंका कशाला काढायची.” खरं आहे. मी फार शंका काढते.

२ नोव्हेंबर

दिवाळीहून आले तर निकिता स्कार्फ बांधून बसलेली. खोलीत. पंखा चालू आणि तोंड बांधलेलं. मला वाटलं, गंमत करते. सोड म्हटलं तर सोडेना. मी ओढला.

गाल लाल झालेत, भाजल्यासारखे. बारीक बारीक पुटकुळ्या. आणि कानाच्या बाजूनं, गालावर, केस आलेत. बारीक, काळे, मुलांना मिशी फुटायच्या आधी येतात तसे. ती म्हणाली, “दिवाळीत डबी संपली व्हती. चार दिवस लावली न्हाई. मंग आग सुरू झाली. उन्हात गेलं की तव्यावर ठेवल्यावानी व्हायलंय.”

“मग पळायला?”

“सकाळी अंधारात जाते. ऊन वर आलं की परत.”

आल्या आल्या तिनं ताईंकडून दुसरी डबी आणली होती. लावली की आग थांबते म्हणाली.

६ नोव्हेंबर

ती नको नको म्हणत असताना तिला त्वचेच्या डॉक्टरांकडं नेलं. बसायला जागा नव्हती. अर्ध्या बाया स्कार्फ बांधलेल्या. आमचा नंबर आला. डॉक्टरीणबाईंनी तिचा चेहरा एकदाच बघितला आणि विचारलं, “कोणती क्रीम?” निकितानं पर्समधून डबी काढली. बाईंनी नुसता वास घेतला.

“ह्यात स्टेरॉइड आहे, मला जवळजवळ खात्री आहे. ते डॉक्टरला विचारल्याशिवाय चेहऱ्याला लावायचं नसतं. कातडी पातळ झालीय तुझी. आजपासून बंद. बंद केल्यावर आणखी आग होईल, सूज येईल, घाबरायचं नाही. सहा महिने लागतील, वर्षही लागेल. ऊन अजिबात नको.”

निकितानं विचारलं, “मॅडम, मला भरतीचं ग्राउंड हाय. पळावं लागतंय.”

“यंदा विसर.”

बाई फार साधेपणानं म्हणाल्या. तिच्यासारख्या रोज दोन-तीन येतात म्हणे. रिक्षात निकितानं स्कार्फ घट्ट बांधून घेतला. मी मात्र पूर्ण रस्ताभर बोलत होते, कारण मला सगळं स्पष्ट दिसत होतं. सुरक्षिततेचा हक्क, माहितीचा हक्क, तक्रार निवारणाचा हक्क. पुस्तकात वाचलेलं सगळं तिच्या चेहऱ्यावर होतं. मला खरी केस सापडली.

७ नोव्हेंबर

१९१५ ला फोन केला. ग्राहक हेल्पलाइन. पलीकडच्या बाईंनी नीट ऐकून घेतलं, मराठीत बोलल्या. म्हणाल्या, बिल पाहिजे, वस्तू पाहिजे, बनवणाऱ्याचं नाहीतर विकणाऱ्याचं नाव पाहिजे आणि जिला त्रास झाला तिनं तक्रार केली पाहिजे.

निकिताला विचारलं, “बिल?”

“कटलरीत बिल कोण मागतंय? टिकलीचं बिल घेतलंस काय कधी?”

तरी पुरावा म्हणून तिच्या चेहऱ्याचे फोटो काढायला पाहिजेत, असं म्हटलं. तिनं थोडा वेळ भिंतीकडं बघितलं. मग स्कार्फ सोडला आणि खिडकीकडं तोंड करून बसली. नाही म्हणाली नाही. डाव्या गालाचा, उजव्या गालाचा, समोरून, असे फोटो काढले. प्रकाश चांगला होता.

१५ नोव्हेंबर

आज शिवकन्याताईंकडं गेले. मनात सगळं पाठ करून गेले होते. कायद्याचं कलमसुद्धा.

“ताई, ही क्रीम कोण बनवतं?”

“काय की बाई. महिन्याला एक माणूस गाडीवर येतो, पिशवीत घेऊन. फॉर्म्युला म्हणतो. काहून?”

मी निकिताचं सांगितलं. फोनमधला फोटो दाखवला. ताईंनी फोन हातात घेतला, चष्मा काढला, पुन्हा बघितला. माझी सगळी कलमं तयार होती. पण त्या एकदम खाली बसल्या, स्टुलावर.

“मी बी तीच लावते की गं. दोन वर्षं झाले. न लावलं की भाजतंय.” त्यांनी गालावरून हात फिरवला. “मला वाटलं माझंच रगत गरम हाय. माझ्या पोरीला बी लावते, तिला बघायला यायलेत माघ महिन्यात.”

मग रडायला लागल्या. म्हणाल्या, “माझ्यावर केस करू नकोस गं. दुकानाबिगर मला काय हाय? नवरा न्हाई.” मी त्यांना पाणी दिलं. बाहेर पडताना माझ्या लक्षात आलं की मी बिल मागायचं विसरले. पण कशाचं बिल मागणार होते?

२६ नोव्हेंबर

संविधान दिन. कॉलेजात उद्देशिकेचं वाचन झालं. मी मोठ्यानं वाचली.

दुपारी ग्राहक आयोगाच्या कार्यालयात गेले. भीती वाटत होती, पण तिथल्या लिपिकानं खुर्ची दिली. म्हणाले, “तक्रार करता येते, वकील नसला तरी चालतो. ऑनलाइनपण होते. पण ज्या मुलीला त्रास झाला तिची सही लागंल, तिचं शपथपत्र लागंल. तुमची चालत न्हाई.” मला वाटलं, एवढंच ना!

खोलीवर येऊन निकितासमोर कागद ठेवला. तिनं वाचला. पूर्ण वाचला.

“ह्याच्यात माझं नाव येईल?”

“येणारच की.”

“गावाचं नाव?”

“पत्ता लिहावा लागतो.”

तिनं कागद माझ्या गादीवर ठेवला. “न्हाई शीले.”

मी समजावलं. चिडलेसुद्धा. म्हटलं, “तू पोलिसात जाणार होतीस. आणि एक सही करायला भ्यायलीस?” ती म्हणाली, “जाणार व्हते.” एवढंच. मग भांडी घासायला गेली.

लोकांमध्ये हक्कांची जाणीव नाही, हे खरंच आहे. माझ्या स्वतःच्या खोलीत नाही.

१० डिसेंबर

निकिताचा चेहरा सुजलाय. डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं मलम लावते, पण आग थांबत नाही म्हणते. ओला नॅपकिन तोंडावर टाकून पडून राहते. कॉलेजला जात नाही. ग्राउंड तर सुटलंच. बूट गादीखाली सरकवून ठेवलेत.

गिराम सरांनी बोलावलं. २४ डिसेंबरला राष्ट्रीय ग्राहक दिन, कॉलेजात पोस्टर प्रदर्शन आहे. बाहेरून पाहुणे येणार, फोटो निघणार, सगळं अहवालात लागणार. सर म्हणाले, “तुमच्या पोस्टरवर काहीतरी जिवंत पाहिजे. केस स्टडी. फोटो हाय का?”

आहे म्हटलं.

सरांच्या डोळ्यांत आनंद दिसला. माझ्यावर त्यांचा विश्वास बसतोय.

२३ डिसेंबर

पोस्टर झालं. वर लाल अक्षरांत ‘ही मुलगी तुम्हीही असू शकता’. मधे निकिताचा फोटो, डोळ्यांवर काळी पट्टी. नाव घातलं नाही. निकिताला सांगितलं, “पोस्टर केलंय, तुझ्यासारख्या मुलींसाठी.” ती म्हणाली, “कर.” बहुतेक तिला बरं वाटलं. फोटोचं मुद्दाम सांगितलं नाही. उद्या दाखवून चकित करीन.

२४ डिसेंबर, बुधवार

पहिलं बक्षीस!

पाहुण्यांनी माझ्या पोस्टरसमोर सगळ्यात जास्त वेळ घालवला. एक बाई तर “बिचारी” म्हणाल्या. मुलांची गर्दी होती, मोबाइलवर फोटो काढत होते. मी मध्ये उभी राहून हक्क समजावत होते. माझा आवाज एकदाही अडखळला नाही.

अडीचच्या सुमारास निकिता आली. स्कार्फ बांधून. दारातूनच पोस्टर बघितलं. मी हात केला, ये म्हटलं. ती थोडा वेळ तिथंच उभी राहिली आणि गेली. गर्दी तिला सोसत नाही हल्ली.

बाबांना फोन केला. ते म्हणाले, “एका माणसाचे जरी डोळे उघडले तरी झालं बाई.” मी म्हटलं, एक नाही बाबा, शंभर तरी असतील.

२६ डिसेंबर

काळी पट्टी पुरेशी नव्हती. तिच्या डाव्या भुवईपाशी लहानपणी पडल्याची खूण आहे. कानातली रिंग आहे. आणि ग्राउंडवरची सगळी पोरं तिला ओळखतात.

कोणीतरी फोटो ग्रुपवर टाकला. तिथून दुसऱ्या ग्रुपवर. काल संध्याकाळपर्यंत तो गंगाखेडपर्यंत पोचला आणि रात्रीत राणीसावरगावला. फोटोखाली लोकांनी काय काय लिहिलंय, ते इथं लिहीत नाही. एकानं मिशीचं चित्र टाकलं होतं.

आज तिचा भाऊ महारुद्र आला. दारात उभा राहूनच म्हणाला, “चल.” निकितानं बॅग आधीच भरून ठेवली होती. म्हणजे तिला माहीत होतं.

मी म्हटलं, “महारुद्रभाऊ, तिचं नाव कुठंच लिहिलं नव्हतं. दुकानदाराच्या विरोधात होतं ते.”

तो म्हणाला, “दुकानदाराचा फोटो का न्हाई लावलात मग?”

निकिता जिन्यावरून खाली उतरताना मी हाक मारली. तिनं वर बघितलं नाही. रागावलीय. पण राग गेला की येईल, तिची पुस्तकं इथंच आहेत. बूटसुद्धा.

९ जानेवारी

फोन उचलत नाही. मेसेज पोचतो, वाचलेलं दिसत नाही.

प्रोजेक्ट जमा केला. सरांनी निकिताचं प्रकरण काढून टाकायला सांगितलं. “प्राचार्यांना फोन आले, पालकांचे. नसती भानगड. सर्व्हे चांगला हाय, तेवढाच ठेवा.” निष्कर्ष त्यांनीच सांगितला, मी लिहिला : ‘महाविद्यालयीन विद्यार्थ्यांमधील ग्राहक हक्कांविषयीची जागरूकता समाधानकारक आढळली.’ आकडे तसंच म्हणतात.

सरांना अहवालाची घाई असेल. एरवी त्यांनी असं केलं नसतं.

२१ जानेवारी

मी एकटीनंच केलेल्या अर्जावर औषध प्रशासनाचे एक साहेब आले होते. मला आशा नव्हती, पण ते आले, स्वतः सगळी रॅक तपासली. डबी मिळाली नाही. एकही नाही. ताईंनी टिकल्यांचे पत्ते काढून दाखवले, पावडर दाखवली. साहेब जाताना मला म्हणाले, “बाळ, नमुना पाहिजे. नाहीतर ज्यांनी वापरली त्यांचं सांगणं पाहिजे. गल्लीत कोणी सांगेल?”

मी बिल्डिंगमध्ये दारोदार गेले. ज्यांच्याकडं डबी मी माझ्या डोळ्यांनी पाहिली होती, त्याच मुली म्हणाल्या, आम्ही नाही बाई लावत. एकीच्या गालावर लाली स्पष्ट होती. ती सगळ्यात जोरात म्हणाली.

संध्याकाळी नळावर दोघी-तिघींनी मला अडवलं. मला वाटलं, सांगायला तयार झाल्या.

“तुझ्यामुळं ताईनं डबी ठेवायचं बंद केलंय. आता आमी कुठून आणायची? दोन दिवसापासून आग होयलीय तोंडाची.”

५ फेब्रुवारी

डबी परत मिळायला लागली. आता ताई ओळखीच्यांनाच देतात, गल्ल्याखालून. मी गेले की बांगड्या पुढं करतात. त्यांच्या मुलीचं जमलं म्हणे. पेढा दिला मला. मी खाल्ला.

बाबांना सगळं सांगितलं. मग म्हणाले, “आणखी एक अर्ज करून बघ.” पहिल्यांदाच त्यांचा आवाज असा आला की जणू मला काहीतरी सांगायचं म्हणून सांगतायत.

अर्ज केला नाही.

१७ फेब्रुवारी

निकिताचा फोन आला! मी वर्गातून पळत बाहेर आले. दोन महिन्यांनी तिचा आवाज.

“शीले, कशी हायेस?”

मी रडायलाच लागले. माफी मागितली. ती म्हणाली, “जाऊ दे आता ते.” अगदी शांत. इकडच्या तिकडच्या गोष्टी विचारल्या, मेसची बाई कशी आहे वगैरे. मग म्हणाली, “एक काम करशील काय?”

“सांग की.”

“रविवारी पाहुणे येयलेत बघायला. फोटो त्यांच्याकडं गेला नाही अजून, लांबचे हायेत. ताईकडून डबी आणून दे.”

मला आधी कळलंच नाही. मग म्हटलं, डॉक्टरांचं मलम? म्हणाली, ते संपलं, त्यानं काही होत नाही, वर्ष लागेल म्हणतात, वर्ष कोण थांबतं. “ती लावली की दोन दिवसांत उतरतं. मला माहीत हाय. रविवार निघून जाऊ दे फक्त.”

“निक्के, डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या होत्या, आठवतंय ना? लग्न झाल्यावर काय करशील? आयुष्यभर लावशील?”

“मला उपदेश नको. तू माझी मैत्रीण हायेस ना?”

१९ फेब्रुवारी

दोन दिवस ठरवत होते. नेली नाही तर ती महारुद्रला सांगून गंगाखेडहून दुसरी कुठली तरी मागवेल, ती याहून वाईट असू शकते. नेली तर निदान मी तिच्याजवळ बसून तिला समजावू शकेन, थोडीच लाव म्हणू शकेन. असं मी स्वतःला सांगितलं. मग लक्षात आलं की नेली नाही तर ती माझ्याशी पुन्हा कधी बोलणार नाही. खरं कारण कोणतं, ते मला नीट कळलं नाही.

ताईंनी माझ्याकडं बघितलं. मी पैसे पुढं केले. त्यांनी गल्ल्याखालून डबी काढून कागदात गुंडाळून दिली.

“निकितासाठी ना? तिला म्हणावं, सुखी राहा.”

२१ फेब्रुवारी, शनिवार

गंगाखेडला गाडी बदलून राणीसावरगावला पोचले तेव्हा ऊन तापलं होतं. निकिताचं घर ओळखायला वेळ लागला नाही. दारासमोर सडा टाकलेला, उद्याची तयारी. तिची आई बायनाबाई दारातच भेटल्या. मला वाटलं, हाकलून देतील. पण त्यांनी हात धरून आत नेलं. त्यांना पोस्टर कोणी केलं, हे निकितानं सांगितलंच नव्हतं, महारुद्रनंही नाही.

ती आतल्या खोलीत होती. भरदुपारी खिडकीला गोधडी लावलेली, दिवा बंद. डोळे अंधाराला सरावल्यावर ती दिसली. बारीक झालीय. पाय पोटाशी घेऊन बसली होती. पोस्टरमधला फोटो ह्याच्यापुढं काहीच नाही. गालाला भेगा, त्यातून पाणी येत होतं.

“आणलीस?”

मी म्हटलं, “निक्के, आधी माझं ऐक.” तिनं हात पुढं केला. मी बोलत होते आणि तिचा हात तसाच पुढं होता. मी पर्स उघडली.

तिनं कागद फाडला, झाकण काढलं आणि तहानलेल्या माणसानं पाणी प्यावं तशी दोन्ही हातांनी क्रीम तोंडाला लावली. गालाला, कपाळाला, मानेला. डोळे मिटून बसली. थोड्या वेळानं तिचे खांदे सैल झाले. “गेली बघ आग,” ती म्हणाली. आणि हसली. ऑक्टोबरनंतर मी तिला हसताना पाहिलं नव्हतं. मला इतकं बरं वाटलं की मी काय समजवायला आले होते, ते विसरून गेले.

मग तिनं माझ्या वर्गाचं विचारलं, बक्षिसाचं विचारलं. मी सांगितलं. भरतीचा विषय मी काढला नाही, तिनंही काढला नाही. बाहेर चांगलं ऊन होतं, कोणाची तरी पोरं रस्त्यावर पळत होती, त्यांचा आवाज येत होता. तिनं गोधडी नीट करून घेतली.

बायनाबाई चहा घेऊन आल्या. त्यांना अंधारात लेकीचा चेहरा धड दिसलाही नसेल, पण तिचा आवाज ऐकून त्यांचा जीव भांड्यात पडला.

“दोन महिने झाले, असं बोलली न्हाई बघ ही. तू आलीस आन् बोलायला लागली.” त्यांची नजर डबीवर गेली. उचलून त्यांनी उलटीपालटी करून बघितली. त्यांना लिहितावाचता येत नाही. “हे डॉक्टरचं औषध हाय ना गं बाई?”

निकितानं माझ्याकडं बघितलं.

मी म्हटलं, “हो मावशी. डॉक्टरचंच.”

“मंग महिन्याला आणून देत जा,” त्या म्हणाल्या, “लगीन होईस्तोवर तरी.”